परास्काने फोडलेला बांध

ओढ्याचं पाणी आटलं तेव्हा परास्काला आधी उन्हाळाच कडक वाटला. पण गायी ओला चिखल चाटताना दिसल्या, तशी ती ओढ्याकाठाने वर चालत गेली. वर शेजारच्या ओनुफ्रीच्या हद्दीत आडवा बांध उभा होता, मागे तुडुंब पाणी. आणि बांधावर पडलं होतं तिचंच खोरं. दोन घोड्यांनी ओढून माती खरवडायचं, मागे दोन दांडे असलेलं लोखंडी खोरं. तळघर खणायचंय म्हणून त्याने ते मागून नेलं होतं. तिचा नवरा दिमित्रो रेल्वेच्या कामावर दूर होता. ओनुफ्री तिच्या लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मबाप. त्या नात्याने ती त्याला ‘कुमा’ म्हणायची.

“कुमा, हेच का तुझं तळघर?”

“माझी जमीन, माझा बांध,” ओनुफ्री हसला. “दिमित्रो येऊ दे. पुरुषापुरुषांत बोलू.”

“गायी थांबतील का दिमित्रो येईपर्यंत?”

“बाईमाणसाने एवढं तापू नये गं.”

परास्का तडक वळली. घरी गेली, दोन्ही घोड्या जुंपून आणल्या आणि साखळी खोऱ्याला अडकवली. लगाम स्वतःच्या मानेमागे टाकून तिने दांडे जरा उचलले. खोऱ्याची धार मातीत घुसली. काठालगतचा बांध खरवडून ती खोरं काठावर रिकामं करू लागली.

“वेडी झालीस का? सोड!” ओनुफ्रीने धावत येऊन एक दांडा धरला.

“हात काढ! खाली दगड असला तर दांडा उसळेल.”

“मला शिकवतेस?”

धार दगडाला अडली. दांडे उसळले. परास्काने हात सोडले होते, त्याने नाही. दांडा जबड्यावर बसला आणि तो चिखलात आपटला. परास्काने घोड्या थांबवल्या. तो शुद्धीत आहे, शिव्या देतोय, एवढं पाहिलं आणि घोड्या पुन्हा हाकल्या. शेवटची वीतभर माती तिने कुदळीने फोडली. पाणी खाली धावलं.

आरडाओरडा ऐकून त्याची बायको येव्का आली. नवऱ्याचं रक्त एप्रनने पुसत हळूच म्हणाली, “मी म्हटलं होतं याला, परास्काचं पाणी तोडू नकोस.”

“मग मला का नाही सांगितलंस?” परास्का गरजली. “रविवारी चर्चमध्ये शेजारी बसली होतीस! केक खाल्लास माझ्या हातचा!”

येव्का मान खाली घालून रक्त पुसत राहिली. ओनुफ्रीचा जबडा पुढे बरा झाला, थोडा वाकडा. दिमित्रोने परत आल्यावर त्याच्याशी समेटही केला. परास्का मात्र येव्काशी पुन्हा एक शब्दही बोलली नाही.