खोकला विसरण्याचा मोसम

"ओढ," मार्दिकुन म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

*

लाल मुंग्यांची अंडी. ओलसर, केळीच्या पानात.

*

पंच झेंडा रोवायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

*

दोन आखूड, एक लांब, मग घसा खरवडल्याचा आवाज.

*

पिसं झडत असलेल्या पक्ष्याची जागा बदलू नये. शेपूट वाकडी येते.

*

"आजोबांना झोप लागली की काय?" बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं.

झोप लागली नव्हती. क्लातेन गावच्या बाजारामागच्या व्हेपच्या दुकानात, काचेच्या टेबलावर दोन्ही हात ठेवून मार्दिकुन ऐकत होता. समोर दुकानाची मालकीण निंग्त्यास एक जाड, चौकोनी यंत्र तोंडातून काढत होती. तिच्या नाकातून पांढरा ढग निघाला.

"ओढलं, म्बाह."

"म्बाह म्हणू नकोस. मला अजून नातवंड नाही."

"बरं, पाक. कसं वाटलं?"

"टक् झालं."

"ते बटण आहे. बटण दाबलं की होणारच."

"नको मग. आठवडाभरात टक् म्हणायला शिकेल."

निंग्त्यासने बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. ते भुवया उंचावून आपापल्या ढगात शिरले.

"कोण शिकेल, पाक?"

मग मार्दिकुनला सगळं सांगावं लागलं.

*

सेनोपाती त्याचा मुराई, गाणारा पक्षी. काळा, छातीला तांबूस, शेपूट वितीहून लांब. मुराई पिसं टाकतो तेव्हा गप्प बसतो आणि ऐकतो. पिंजऱ्यावर कापड घालायचं आणि आत फोन ठेवून त्यावर कॅनरी पक्ष्याचं गाणं लावायचं, रातकिडा लावायचा. नवी पिसं आली की तेच आवाज त्याच्या गळ्यातून बाहेर पडतात. जे पुन्हा ऐकवलं नाही ते तो सोडून देतो. गावातले सगळे पक्षीवाले असंच करतात. मार्दिकुनही पंक्चरचं दुकान बंद करून घरी आला की रोज तेच करायचा.

गेल्या मोसमात सेनोपाती पहिल्यांदा स्पर्धेच्या मैदानात टांगला गेला, चौदा नंबरच्या आकडीला. काय गायला! पंच एकामागून एक कान टवकारत आले. पसंतीचा एक झेंडा पिंजऱ्याखाली रोवला गेला, दुसरा रोवला गेला. तिसरा पंच वाकला. आणि सेनोपाती खोकला.

दोन आखूड, एक लांब. मग घसा खरवडला.

कुंपणाबाहेरून कोंबडीवाला जुमाली ओरडला, "अरे, हा तर मार्दिकुनच आत बसलाय!" सगळं मैदान हसलं. पंचानेही तोंड फिरवलं, खांदे हलताना दिसले. रोवलेले झेंडे उपटून दुसऱ्या पिंजऱ्याखाली गेले.

घरी तो आवाज मार्दिकुनने कितीदा तरी ऐकला असेल. दर वेळी त्याला वाटलं होतं, आपणच खोकलो.

*

"पक्ष्याजवळ मी कधीच ओढत नाही," त्याने निंग्त्यासला बजावलं. "विहिरीपाशी उभा राहून ओढतो. क्रेतेकच, लवंगेची सिगारेट. पण खोकल्याला भिंत अडवत नाही ना."

"दिवसाला किती?"

"मोजत नाही."

"म्हणजे भरपूर."

"आता पिसं पुन्हा झडायला लागलीत. हाच एक मोसम हातात आहे, पोरी. या वेळीही खोकला कानावर पडला तर तो गळ्यात कायमचा बसेल. मला क्रेतेक सोडायचीय. एकदम सुटणार नाही, करून पाहिलंय. तेव्हा असं काहीतरी दे की खोकला येणार नाही, आणि त्याचा स्वतःचाही आवाज नसेल."

निंग्त्यासच्या दुकानात लोक ढग मागत, चव मागत, खिशात मावणारं मागत. तिने बाह्या वर केल्या.

पुढचं यंत्र हुक्क्यासारखं गुळगुळलं. त्यापुढचं ओठाला लागताच हातात थरथरलं, मार्दिकुन म्हणाला, "भुंगा आहे." एकाला निळा दिवा होता. दिवा कापडातून दिसला की पक्षी दचकतो, म्हणून तेही गेलं. बाकावरची गिऱ्हाइकं आता उठून टेबलाभोवती जमली. एकाने छताचा पंखा बंद केला. दुसऱ्याने दार लोटून रस्त्यावरच्या मोटारसायकलींचा आवाज बाहेर ठेवला.

शेवटी तिने खालच्या कप्प्यातून एक काळं, बोटाएवढं पेन काढलं. बटण नाही, दिवा नाही.

मार्दिकुनने डोळे मिटले. सगळे श्वास रोखून उभे.

"ओढ," तो म्हणाला.

कुणी काही बोलेना.

"अगं, ओढ ना!"

"ओढलं."

त्याने डोळे उघडले. तिच्या ओठांसमोर वाफेची बारीक रेघ विरत होती. टेबलाभोवतीच्या माणसांनी असा गलका केला की पलीकडचा नूडलवाला झारा हातात घेऊन दारात आला.

चवीला वेळ लागला नाही. निंग्त्यासने आंबा पुढे केला.

"गोड? एक थेंब सांडला की मुंग्या येतील. मुंग्यांची अंडी माझा पक्षी खातो. मुंग्यांनी त्याला खायला नको."

म्हणून साधी तंबाखूची चव, गोडी नसलेली. पहिल्याच झुरक्याला त्याने क्रेतेकसारखं गाल आत ओढून खेचलं. डोळ्यांत पाणी आलं, मान ताठ झाली. टेबलाची कड धरून त्याने छातीतली उबळ दाबली.

"खोका की, पाक. इथे पक्षी नाही."

"सवय नको," तो कसाबसा म्हणाला.

"मग हळू. गरम चहा फुंकून पिता ना, तसं." तिने बाटलीवरचा निकोटिनचा आकडा दाखवला. "आधी हे. जमलं की याहून सौम्य. मग त्याहून. परत याल तेव्हा जास्तीचं मागितलंत तर देणार नाही."

*

घरी बायको, वासिरा, अंगणात तांदूळ पाखडत होती. त्याने पेन तिच्या हातात ठेवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, हुंगलं.

"हाही धूरच ना, पाकने?" नवऱ्याला ती असंच म्हणायची.

"वाफ आहे, बुने."

"भाताचीही वाफ असते. ती ओढा."

"चेष्टा करू नकोस. सेनोपातीसाठी करतोय."

"माहितीय." तिने सूप पुन्हा उचललं. "माझ्यासाठी सोडा, म्हणून बघितलं. खोकून खोकून गेलेल्या तुमच्या थोरल्या भावाच्या तिरडीपाशीही सांगितलं. पक्ष्याचं तरी ऐकलंत."

मार्दिकुन पेन घेऊन विहिरीपाशी गेला. आत, कापडाखाली, पक्ष्याने पंख झाडले. वासिराचे हात थांबले. विहिरीकडून खोकला येतो का, याकडे तिने कान दिला.

*

पहिले दिवस वाईट गेले. खोकला यायचाच. आला की मार्दिकुन धावत परसदार ओलांडून शेजाऱ्याच्या केळीत जायचा, तोंडात टॉवेल कोंबून. शेजारी म्हणायचा, "आलं का पाहुणं?" मग धावणं कमी झालं. मग एका सकाळी शेजाऱ्यानेच कुंपणावरून विचारलं, "बरं आहे ना? दिसला नाहीस."

निंग्त्यासकडच्या बाटल्यांवरचा आकडा उतरत गेला. एकदा त्याने जुना आकडा मागितला. तिने दुकानाच्या दाराकडे बोट दाखवलं.

पिंजऱ्याच्या तळाशी जुनी पिसं पडत राहिली. शेपूट आली. सरळ आली.

*

चौदा नंबर. पुन्हा तोच.

पिंजऱ्यांवरची कापडं निघाली आणि मैदानावर आवाज उसळला. जो तो आपला नंबर ओरडू लागला. जुमाली मुद्दाम मार्दिकुनशेजारी येऊन उभा राहिला. सेनोपातीने पहिली तान घेतली, जुमालीचा पक्षी जरा मागे पडला, तसा तो कुंपणावर छाती टेकून मोठ्याने खोकला. दोन आखूड, एक लांब.

"औषध दिलंय का त्याला?" त्याने विचारलं. आजूबाजूचे हसले.

सेनोपाती थांबला. मान तिरकी केली. चोच किंचित उघडली.

मार्दिकुनने कुंपणाचा बांबू धरला.

सेनोपातीने शेपूट पाठीवर फेकली आणि गळ्यातून कॅनरी सोडली. लांब, घरंगळत जाणारी, मध्ये रातकिड्याची किरकिर ओवत, पुन्हा कॅनरी. थांबेचना. जुमाली परत खोकला. कुणी हसलं नाही.

"चौदा!" मार्दिकुन ओरडला. "चौदा! चौदा! चौदा!"

पहिला झेंडा रोवला गेला. दुसरा. तिसरा पंच वाकला, रोवला, सरळ झाला. चौथ्याने तर धावत येऊन रोवला. भोवतालचे आवाज एकेक करून बसत गेले, घसे धरून माणसं पाणी शोधू लागली. मार्दिकुन ओरडतच होता. एका दमात. तो दम कुठेच अडकत नव्हता, हे त्याच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. आलं तेव्हा त्याने ओरडणं थांबवून छातीवर हात ठेवला, जणू दुसऱ्याच कुणाची छाती आहे. आणि पुन्हा ओरडला, आधीपेक्षा मोठ्याने.

ताडपत्रीच्या सावलीत वासिरा दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. सगळं मैदान सेनोपातीकडे बघत होतं. ती नवऱ्याच्या गळ्याकडे बघत होती.

जुमाली तिच्याजवळून जाताना म्हणाला, "कमाल आहे हं, बू. पण गेल्या खेपेला तो खोकला शिकलाच कसा?"

"पक्षी बिचारा," वासिरा म्हणाली, "जे ऐकवाल ते शिकतो."

*

आदल्या वर्षी सेनोपाती पिसं टाकत होता तेव्हा, मार्दिकुन दुकान उघडायला गेला की वासिरा रोज स्वतःचा फोन पिंजऱ्याच्या कापडाखाली ठेवायची. त्यात दोन आखूड, एक लांब, मग घसा खरवडल्याचा आवाज.