'घरचे' नावाचा रकाना

दर सहा महिन्यांनी मोठ्या इस्पितळातून पाच-सहा तरुण डॉक्टर त्या वस्तीतल्या दवाखान्यात शिकायला यायचे. शिकवणारा डॉक्टर छप्पन्न वर्षांचा, जिभेने तिखट. आल्या आल्या तो त्यांचे स्टेथोस्कोप टेबलावर काढून ठेवायला लावायचा आणि कॉम्प्युटरवर वस्तीतल्या शुगरच्या चार हजार रुग्णांची यादी उघडायचा.

"बाहेर बाकावर बसलेत ते आपल्या पायांनी आले. त्यात तुमची कसली मर्दुमकी? जो आला नाही तो कुठंय, ते सांगा."

मग तपासणी चुकलेल्यांची नावं लाल व्हायची आणि सकाळभर फोन चालायचे. कोणी खेकसायचं, कोणी रडायचं. पण वस्तीत पाय कापावे लागणारे निम्म्याने कमी झाले होते. डॉक्टरची मान ताठ होती, आणि ती असायला हरकतही नव्हती.

यंदाच्या तुकडीत एक मुलगी होती. बोलायची कमी, पण नजर भलती बारीक. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "सर, हा 'घरचे' रकाना कधीच लाल होत नाही. का?"

"ते आपल्या दवाखान्यातल्या लोकांचे नातेवाईक. त्यांना फोन कशाला? रोज डोळ्यांसमोर असतात." नियम त्यानेच केला होता, तेवढे फोन कमी व्हावेत म्हणून.

"मग त्यांना बघतं कोण?"

मुलीने रकाना उघडला. एकतीस नावं. सातवं त्याच्या ताईचं. शुगरची नोंद होती, शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वीची.

ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, स्वतःची शाळा सोडून शिकवलं. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायचा. यादीच्या गोष्टी रंगवून सांगायचा, ती कौतुकाने ऐकायची. तिचे पाय सुजलेले त्याला दिसले नव्हते असं नाही. वय झालं, म्हणून त्याने सोडून दिलं होतं.

दुपारी त्याने स्वतः तिचं रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. दोन्ही किडन्या जवळपास संपल्या होत्या.

"ताई, एका शब्दाने बोलली का नाहीस गं?"

"अरे बारक्या, शेजारणीला तुमचा फोन आला तेव्हा मी तिथंच बसले होते. काय गोड बोलत होती फोनवरची पोरगी! म्हटलं, येईल आपलाही नंबर." ती हसली. "आणि तुला रविवारी तरी आजारपणं कशाला ऐकवायची?"

तो बाहेर जिन्यात जाऊन लहान पोरासारखा रडला. मग दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर बसून त्याने तो रकाना पुसून टाकला. एकतीसच्या एकतीस नावं यादीत मिसळली, त्यातली नऊ लगेच लाल झाली. तुकडीसमोर त्याने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

आता ताईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तिला हे फार दिवस झेपणार नाही, हे त्याला कळतं. तिलाही कळतं. तो दवाखाना तरुणांवर सोपवून तिच्या खुर्चीशी बसून राहतो. काल मशीन चालू असताना तिने विचारलं,

"आज किती जणांना फोन केलेत?"

"बावीस."

"सगळ्यांनी उचलला?"

"एका म्हाताऱ्याने नाही. तीनदा केला. जाऊ दे, उद्या बघू."

"उद्या कशाला?" सुया टोचलेला हात तिला हलवता येत नव्हता. दुसऱ्या हाताने तिने त्याला ढकललं. "घरी जा त्याच्या. इथं माझ्याजवळ काय बसलायस? तोही म्हणत असेल, येईल आपला नंबर."