सहा स्क्रूंच्या मावशी

शिवणवाल्या मावशी दारात दिसल्या की सर्जनची कळी खुलायची. अठरा वर्षांपूर्वी त्यानं त्यांच्या कमरेत सहा स्क्रू आणि दोन सळया बसवल्या होत्या. तेव्हापासून मावशी म्हणजे त्याची चालतीबोलती जाहिरात. ब्लाउजचं माप घेता घेता त्यांनी किती जणींना त्याच्याकडे पिटाळलं असेल, देव जाणे.

आज सोबत लेक होती. पन्नाशीची, पाच मिनिटं चालली की तिचे पाय बधिर व्हायचे. मावशींनी बसायच्या आधीच फर्मान सोडलं, "माझं केलंत तस्संच हिचं करा. सहाच्या सहा. काटकसर नको."

त्यानं लेकीच्या एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. तोच मणका, तेवढाच सरकलेला, तशीच दबलेली नस.

"हिला स्क्रू नकोत," तो म्हणाला. "छोटा छेद घेऊन नस मोकळी करायची, बस्स."

"का? हिचं दुखणं माझ्यापेक्षा हलकं आहे?"

"नाही. अगदी तुमचंच आहे."

इथं थाप मारता आली असती. हिची हाडं वेगळी, वय वेगळं, काहीही खपलं असतं. पण त्याचं लक्ष मावशींच्या काठीकडे गेलं. तिच्या टोकाला लोहचुंबक बांधलं होतं. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या मावशी त्यानंच उचलत, कारण ऑपरेशननंतर त्यांची कंबर वाकत नव्हती.

"मावशी, आज आला असतात तर तुम्हालाही बसवले नसते. तेव्हा आम्ही सरसकट बसवायचो, मणका धरून ठेवायलाच हवा असं वाटायचं. मग वर्षानुवर्षं पेशंट तपासले, तेव्हा कळलं. अशा बऱ्याच जणांना स्क्रूशिवायही तेवढंच बरं वाटतं."

"हिला वाकता येईल?"

"येईल."

लेकीनं खांद्यावर ठेवलेला हात मावशींनी झटकला. सर्जनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या हातातलं पेन निसटलं आणि घरंगळत मावशींच्या पायाशी गेलं.

"तुम्हीच उचला," मावशी म्हणाल्या. "मला वाकता येत नाही."

तो टेबलाला वळसा घालून आला, गुडघे टेकून खाली बसला. पेन सापडलं, पण मान वर करायचा धीर होईना.

"आता हिची तारीख लिहा," वरून आवाज आला. "आणि ऑपरेशन तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."