बंद लिफ्टचे बटण

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. धुळ्यात महापालिकेच्या एका व्यापारी संकुलात, तळमजला आणि वर दोन मजले, जिन्याशेजारी उभी आहे. उभी म्हणजे अडकलेली. माझ्या पोटात आता केरसुण्या, फिनाईलच्या बाटल्या आणि गेल्या गणपतीचे मखर आहे. मला त्याचे काही वाटत नाही. मुळात मला कशाचेच फारसे काही वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

नवी होते तेव्हा असे नव्हते. साक्री, शिरपूरकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला यायची आणि वर काम नसले तरी माझ्यात बसून वर जायची. दार लागले की बायका एकमेकींचे हात घट्ट धरायच्या आणि वर पोचल्या की हसत सुटायच्या. मी तेव्हा भारी तोऱ्यात असायचे.

मग मी कुरकुरू लागले. मेकॅनिकने दुरुस्ती सांगितली. तळमजल्याचे दुकानदार म्हणाले, आम्ही कुठे वर जातो? वरचे म्हणाले, मग आम्ही एकट्यांनीच का करायची? पुढच्या बैठकीत बघू, असे ठरले. अशा पुढच्या बैठका बऱ्याच झाल्या आणि शेवटी माझी वीजच तोडली. आधी मला फार राग यायचा. नंतर तोही येईनासा झाला.

वरची दुकाने एकेक करून उठली. दुसऱ्या मजल्यावर राहिली ती एकटी कामिनी, ब्लाउज शिवणारी. तिचा एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. लिफ्ट लवकरच सुरू होईल, असे सांगून तिला गाळा दिला होता. ती रोज सकाळी कुबडी टेकत येते, माझे बटण दाबते, थोडी थांबते आणि जिना चढू लागते. गिऱ्हाइके मात्र चढत नाहीत. कापडणे गावच्या भिकुबाई तर खालूनच हाक मारतात, "माय वं, इतला जिना कोन चढी? माप आठेच ली ले!" की कामिनी गळ्यात टेप घालून माप घ्यायला पुन्हा खाली.

पुढे संकुलाचे छत गळू लागले, एक सज्जा कोसळला. मग मात्र सगळे हलले. दुकानदारांनी आपला वाटा उचलला, शेजारच्या कॉलनीतल्या लोकांनी सह्यांची मोहीम काढली, महापालिकेने नवी इमारत मंजूर केली आणि ती होईपर्यंत मैदानात पत्र्याचे गाळे द्यायचे ठरवले. नकाशात लिफ्ट होती. पण दुकानदारांचे अध्यक्ष शांतीलालशेठ म्हणाले, "लिफ्ट वगळा. जिना आहे की." त्यांचे कापडाचे दुकान तळमजल्यावर. महापालिकेच्या अभियंता किरण मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सगळे मिळून ठराव द्या, तसं करू."

नव्या इमारतीतही ज्याचा जो मजला, त्याला तोच मिळणार होता. लिफ्ट नसेल तर कामिनीचे दुकान संपलेच. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "शेठ, ठरावाची बैठक माझ्याकडे ठेवा. चहा-भजी माझ्याकडून."

चहाला नाही कसे म्हणायचे? बाकीचे दुकानदार पुढे चढून गेले, मागून शेठ निघाले. पहिल्या मजल्यावरच त्यांना धाप लागली. त्यांनी कठडा धरला, घाम पुसला आणि हात लांबवून माझे बटण दाबले. माझी दुरुस्ती दर वेळी पुढे ढकलणारे हेच गृहस्थ! वाट बघत उभे राहिले बिचारे.

मागून कामिनी चढून आली. "शेठ, बंद आहे ती."

"अरे हो. विसरलोच."

"मीपण रोज दाबते," ती म्हणाली. "चला, अजून एक मजला."

शेठ पुन्हा कठडा धरून चढू लागले. चहा झाला आणि ठरावही झाला. लिफ्ट राहणार, आणि तिची देखभाल सगळ्या मजल्यांनी मिळून करायची.

अर्थात ती लिफ्ट मी नव्हे. मला कापून भंगारात देणार आहेत. त्याचेही मला काही वाटले नाही.

काल संकुल रिकामे झाले. शिलाई मशीन हमालाच्या डोक्यावर गेले. कामिनी खाली उतरली आणि माझ्यापुढे थांबली. वर आता तिचे काहीच उरले नव्हते, तरी तिने बटण दाबले. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही वर नेले नव्हते. एकदा तरी न्यायला हवे होते, असे मला फार फार वाटले.

मित्रांनो, नवी लिफ्ट येईल. तुम्ही तळमजल्यावर असलात तरी तिची विचारपूस करत जा. ती कुरकुरली तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. बटण दाबून कुणीतरी उभे असते.