मशरूमचं पाणी

“आठवडाभरात काय काय पोटात गेलंय यांच्या? खरं सांगा.” डायलिसिसच्या खोलीतल्या सिस्टरची नजर यंत्रावर होती. “पोटॅशियम इतकं चढलंय की हृदय कधीही दगा देईल. भाज्या उकळून पाणी ओतून देताय ना? सगळं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं.”

पलंगाशी उभ्या असलेल्या काकूंनी काकांकडे पाहिलं.

घरामागच्या खोलीत भाताच्या ओल्या काडाने भरलेल्या पिशव्या टांगून त्या मशरूम पिकवत. गिऱ्हाइकाला नुसतं पाकीट कधी दिलं नाही. सोबत चार शब्द असायचेच. “प्रोटीन आहे, तंतू आहेत, चरबी नावाला. घटकाभर उन्हात ठेवा, ड जीवनसत्त्व वाढतं. ओल्या काडातून एवढं देणारा देव का उगीच आहे?” त्यांचे यजमान, शिंपीकाका, शिलाई मशीनवरून मान वर करून म्हणत, “बसा आता. प्रवचन संपेपर्यंत सुटका नाही.”

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर काका वाळून काटकी झाले. आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलं होतं, “प्रोटीन वाढवा, पण प्रत्येक भाजीचं पाणी ओतून द्या.” काकूंनी बटाट्याचं ओतलं, पालकाचं ओतलं. मशरूमचं मात्र मोरीत ओतायला हात धजेना. सगळं सत्त्व त्यातच, असं त्यांचं मन म्हणे. आठ दिवस तेच पाणी आटवून त्या अर्धी अर्धी वाटी पाजत होत्या. “तुझं पीक माझ्यावरच खपवतेस होय?” असं म्हणत काका वाटी रिकामी करत.

“केळी खाल्ली,” काका पडल्या पडल्या म्हणाले. “रोज दोन. हिला न सांगता.”

“काका, लहान आहात का तुम्ही?”

“नाही हो सिस्टर, ते…” काकू पुढे झाल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं. त्या काटकुळ्या बोटांत एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले.

माणसं आली, रडली, परतली. नणंद तेवढी राहिली. “वहिनी, तुझ्यासारखं कोणी केलं नसतं. दादाची जीभच चटोर. केळ्यांनी घात केला.”

“केळं घरात आलंच नव्हतं,” काकू म्हणाल्या. “मी मारलं त्यांना. मशरूमचं पाणी पाजून.”

“काहीतरीच काय बोलतेस? औषधी असतं ते. तूच नाही का सांगत सगळ्यांना?”

काकूंनी पुन्हा सांगितलं. पातेलं, आटवणं, वाट्या, आठ दिवस. नणंदेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती चहा टाकायला उठली.

काकू मागच्या खोलीत गेल्या. पिशव्या कोरड्या पडल्या होत्या. त्यांनी फवारणीचा पंप भरला आणि एकेक पिशवी भिजवत निघाल्या. पाणी फरशीवर ठिबकलं, मग वाहू लागलं. शेवटची पिशवी झाली, तशा त्या पुन्हा पहिलीपाशी आल्या.