डबीत भरलेली गाणी

चाकांचे बूट घालून गोल गोल फिरायच्या त्या हॉलमध्ये सुईकाकांनी उभी हयात गाणी वाजवली. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. रेकॉर्डवर सुई ठेवताना ते इतके अलगद ठेवत, की झोपलेल्या बाळावर कुणी पांघरूण घालतंय असं वाटावं, म्हणून सुईकाका. आणि बुटांच्या काउंटरवर बसणारी त्यांची बायको, म्हणून ओघानेच काकू.

हॉलच्या एका टोकाला लाकडी मचाण होतं. त्यावर रेकॉर्डचे दोन प्लेअर आणि मध्ये दोन्हींचा आवाज कमीजास्त करायचा मिक्सर. एका प्लेअरवर गाणं चालू असताना काका दुसऱ्यावर पुढचं लावत, त्याचा वेग हाताने सावरत, दोन्हींचे ठेके जुळले की एकातून दुसऱ्यात असे सरकत की फिरणाऱ्याचं पाऊल चुकायचं नाही. "गाणं बदललेलं कानाला कळावं, पायाला नाही," असं ते म्हणत.

पण त्या दणदणाटात आयुष्य काढल्यावर कान कसे शाबूत राहतील? आधी बारीक आवाज गेले. किटलीची शिट्टी गेली, घड्याळाचा गजर गेला, बोलण्यातले स आणि श गेले. त्यांच्या जागी कानात एक बारीक सूं येऊन बसलं आणि फुकट्या पाहुण्यासारखं उठायचं नावच घेईना. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. गाणी वाजवणारा बहिरा होतोय, हे काय चारचौघांत सांगायचं? ठेका त्यांना कळायचा, कारण ठेका छातीलाही ऐकू येतो. बाकीचं बोटं सांगायची. प्लेअरच्या कडेला अंगठा टेकवला की सुईची थरथर त्यांना बरोबर लागायची.

आणि बोटांनाही जे कळत नसे ते काकू सांगायच्या. काउंटरवरून त्यांनी एक बूट उचलून दाखवला, की आवाज चिरकतोय. दोन उचलले, की फार मोठा झालाय. बघणाऱ्याला वाटायचं, बाई बूट पुसतायत. लेकीलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

मालक गेले आणि त्यांची मुलगी कारभार बघू लागली. काकांनी तिला फ्रॉकमध्ये या फरशीवर पडताना-उठताना पाहिलेलं. आता सगळे तिला मालकीणबाई म्हणत. स्वभावाने वाईट नव्हती. एक दिवस ती मचाणावर आली आणि प्लेअरच्या शेजारी टेकली.

"काका, राग मानू नका. नवे स्पीकर लावल्यापासून दणका बसला की तुमची सुई उडते. परवा एकाच ओळीवर गाणं किती वेळ अडकलं! लोक हसत होते."

"सुईखाली रबर घालतो."

"रबर घालून किती दिवस काढणार? नवी फरशी टाकायची म्हणून हॉल बंदच राहणार आहे. तेवढ्यात नवी यंत्रणा आणते. एक छोटा बोर्ड आणि लॅपटॉप. सगळं त्यातूनच होतं. दोन गाण्यांचा वेगसुद्धा तो आपला आपण जुळवतो."

काकांनी प्लेअरच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "यंत्र तुझं. गाणी मात्र माझीच वाजणार."

"अहो, सगळी गाणी तयार मिळतात आता."

"माझी नाही मिळत."

ते खोटं नव्हतं. एकच रेकॉर्ड काढून कुठे नाहीशी झाली कुणास ठाऊक अशा गायकांची, बंद पडलेल्या वाद्यवृंदांची गाणी त्यांच्याकडे होती. घरातल्या एका खोलीची सबंध भिंत रेकॉर्डनी भरली होती.

त्याच सुमारास लेकीचे दिवस भरत आले आणि काकू तिच्या गावी बाळंतपणाला गेल्या. काका घरी एकटे. जावयाने त्यांना एक लॅपटॉप आणि रेकॉर्डचा आवाज त्यात उतरवायची पेटी पाठवली होती. लेकीने फोनवरून सगळं समजावलं. तिचं बोलणं त्यांना निम्मं ऐकू आलं, उरलेलं त्यांनी अंदाजाने भरून काढलं.

"हिरवा दिवा राहू द्या, लाल होऊ देऊ नका. आणि बाबा, प्रत्येक गाणं उतरवलं की ऐकून बघा हं."

"ऐकतो की."

काका कामाला लागले. मऊ फडक्याने रेकॉर्ड पुसायची, सुई ठेवायची, कानाला हेडफोन लावायचे आणि पडद्याकडे बघत बसायचं. पडद्यावर गाण्याचं चित्र उमटत जाई. ठेका आला की उंच टेकडी, गाणारा दम घेतो तिथे बारीक रेघ. दोन गाण्यांच्या टेकड्या एकाखाली एक आल्या की झाली जोडी. कान लागतच नव्हते! काकांना ते पहिल्यांदा उमगलं तेव्हा खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. इतकी वर्षं जे जिवापाड लपवलं, ते आता लपवायची गरजच उरली नव्हती.

हेडफोनमध्ये कधी कधी एक बारीक सूं आल्यासारखं वाटे. काका हेडफोन काढत, तरी ते असेच. आपलाच पाहुणा, म्हणून ते पुन्हा कामाला लागत.

नातीचा जन्म झाला. आता लेक बाळाला घेऊन चार महिने राहायला येणार होती आणि पाळणा ठेवायला जागा एकच होती, ती रेकॉर्डची खोली. काकांनी जुन्या सामानाच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने खोकी भरभरून रेकॉर्ड नेल्या. "एखादी ठेवा आठवणीला," तो म्हणाला. काकांनी नकारार्थी मान हलवली. एक ठेवली की ती दुसरीला बोलावते, हे त्यांना स्वतःवरूनच माहीत होतं.

लेकीच्या आधी काकू एकट्याच परतल्या तेव्हा भिंत मोकळी होती. त्या दारातच थबकल्या. हातातली पिशवी तशीच राहिली.

"अहो, मला विचारायचं तरी!"

"अगं, गेलंय कुठे? सगळं या डबीत आहे." काकांनी लॅपटॉपला जोडायची काडेपेटीएवढी डबी तळहातावर धरून दाखवली. त्यांचा असा खुललेला चेहरा काकूंनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून पुढचं बोलणं त्यांनी गिळलं.

"बरं, ऐकवा बघू एखादं."

"रविवारी ऐक. मोठ्या स्पीकरवर."

रविवारी दुपारी हॉल उघडला. नवी फरशी आरशासारखी चकचकत होती. मचाण काढून तिथे टेबलं मांडली होती आणि काकांची जागा आता खांबामागच्या कोपऱ्यात होती. तिथून बुटांचा काउंटर दिसत नव्हता. आता इशाऱ्यांचं कामच काय, असं म्हणून काकांनी बाही सावरली आणि पहिलं गाणं सोडलं.

ठेका छातीवर आदळला. मुलं-माणसं फिरू लागली. काकांनी दुसऱ्या गाण्याच्या टेकड्या पहिल्याखाली आणून ठेवल्या आणि असे सरकले की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. मान वर केली, तर समोरून जाणाऱ्या दोन मुलींनी कानांवर हात ठेवलेले. काहीतरी खेळ असेल, काका हसले. मग एका बाप्याने कानात बोट घातलं. कडेला उभं असलेलं एक पोर तोंड वासून रडत होतं. आवाज मोठा झाला असेल म्हणून काकांनी तो कमी केला. तरी हात खाली येईनात. एकेक जण थांबून छताकडे, स्पीकरकडे बघू लागला.

काकू धावत आल्या. चाकांच्या बुटांतल्या गर्दीतून वाट काढताना त्यांना धाप लागली होती.

"अहो, बंद करा ते! आवाज येतोय!"

"आवाज येणारच की!"

"तसा नाही हो! चिरका, शिट्टीसारखा!"

तोवर मालकीणबाईही आली. तिला वाटलं स्पीकर फाटला. तिने आपल्या फोनवरचं एक तयार गाणं लावलं. सगळ्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग तिने पुन्हा काकांचं गाणं लावलं, आणि हात पुन्हा कानांवर गेले. तिने दुसरं लावलं. तिसरं लावलं. काका प्रत्येक वेळी लोकांच्या तोंडाकडे बघत होते.

"काका," ती त्यांच्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्हाला ही शिट्टी ऐकू येत नाही?"

"कसली शिट्टी?" काका म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मालकीणबाई सरळ झाली. तिने काकूंकडे पाहिलं आणि काकूंनी मान खाली घातली. काकांना वाटलं, ती नवी फरशी दुभंगावी.

"आज घरी जा काका," मालकीणबाई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

लेकीचा फोन काकूंनी घेतला आणि ऐकून ऐकून काकांना सांगितला. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवूनच गाणी उतरवली का? लावला होता. काही वेळा त्यानेच सूं येतं. "पण ते लगेच ऐकू येतं ना," असं लेक म्हणाली आणि तिचं तिलाच सगळं उमगलं. शिट्टी पुसता येते का, असं काकांनी विचारायला लावलं. थोडीफार येते, पण तिच्याबरोबर गाण्याचा जीवही जातो. त्यापेक्षा पुन्हा उतरवू, रेकॉर्ड आहेतच ना?

सकाळी काका दुकानदाराकडे गेले. दुकानात रेकॉर्ड नव्हत्या.

"गेल्या की! निम्म्या एका हॉटेलवाल्याने भिंतीला लावायला नेल्या. कव्हरं काय सुरेख हो तुमची! बाकीच्यांची घड्याळं बनवतात, मधे भोक आयतंच असतं."

"आणि गाणी?"

दुकानदाराला प्रश्न कळला नाही. त्याने स्टूल पुढे केलं आणि पाणी विचारलं. काका तसेच माघारी आले.

घरी काकूंनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसून लॅपटॉप उघडून ठेवला होता. "सगळ्यांतच असेल असं कशावरून?" त्या म्हणाल्या. "एकेक लावा. मी ऐकते." आणि त्यांनी हेडफोन कानाला लावले.

काकांनी पहिलं गाणं लावलं. काकूंच्या भुवया आकसल्या. "आहे."

दुसरं लावलं. "आहे."

लग्न ठरलं त्या दिवसांत दोघांनी मिळून घेतलेली एक रेकॉर्ड होती. ती लावताना काकांचं बोट अडखळलं. काकूंनी डोळे मिटले. "आहे," त्या हळू म्हणाल्या. काकांनी ते ओठांवरून वाचलं.

असं किती वेळ चाललं. चहा निवला. काका नुसतं बटण दाबायचे आणि तिच्या तोंडाकडे बघायचे. मग एका गाण्याला काकू म्हणाल्या, "यात नाही."

काका ताठ बसले. "नक्की?"

"नक्की. अगदी स्वच्छ आलंय."

पुढचं लावलं. "यातही नाही!" काकू हसल्या.

काकांनी पाहिलं. तोंड हसत होतं, पण जबडा घट्ट आवळलेला होता आणि टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी पडली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं, आजही जमत नव्हतं. आणि तरीही ती खोटं बोलतेय हे पडताळून बघायला काकांजवळ काही नव्हतं. या घरातल्या कुठल्याही गाण्याबद्दल आता ती सांगेल तेच खरं.

त्यांनी आणखी एक लावलं. "हेही छान आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं; शिट्टीने की कशाने, कोण सांगणार.

काका उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिच्या कानांवरचे हेडफोन काढले.

"राहू द्या की. अजून कितीतरी आहेत," काकू म्हणाल्या.

"पुरे आता," काका म्हणाले. "कान दुखतील तुझे."