गल्लीवरचा परिणाम: शून्याखाली

रोपवाटिकेच्या जागेवर चार मजली फर्निचर मॉल उभारायला परवानगी मिळाली. पण ते तूर्तास विसरून जाऊ. अजून कुणी काही मोजलेलं नाही, रोपवाटिकेत कुंड्या आहेत, आणि समोरच्या गल्लीत मावशी एका दंतवैद्याला गाडी मागे घ्यायला शिकवते आहे.

मावशीची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्यात दोन्ही सीटांपुढे ब्रेक, आणि ही गल्ली. गाडी बदलता आली असती. गल्लीला मात्र पर्याय नव्हता. एवढी रुंद आणि एवढी सुनसान गल्ली अख्ख्या शहरात दुसरी सापडली नसती. इथे गाडी बंद पडली तरी मागून कुणी हॉर्न वाजवत नसे. मावशीकडे फक्त घाबरट माणसं येत. धीट माणसं न शिकताच रस्त्यावर उतरत आणि पुढे दंतवैद्याकडे जात.

तिचा भाचा तिच्याच घरी राहायचा, तिच्याच हातचं जेवायचा आणि वाहतूक सल्लागारांच्या ऑफिसात नोकरी करायचा. एखाद्या जागेचा वापर बदलायचा, म्हणजे कुंड्यांच्या जागी सोफे आणायचे, तर रहदारीवर काय परिणाम होईल याचा अहवाल लागतो. तो हे ऑफिस करून देई. तिथल्या मोठ्या साहेबांना सगळे शून्यसाहेब म्हणत, कारण त्यांनी काढलेला परिणाम कायम शून्य यायचा. एकदा त्यांनी विमानतळाचाही शून्य काढला होता. विमानं वरून येतात, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो कुणाला खोडता आला नव्हता.

"उद्या आपल्या गल्लीत मोजणी आहे," भाच्याने जेवताना सांगितलं. "रोपवाटिका जाऊन मॉल येतोय."

मावशीचा घास हातातच राहिला. "आणि माझी शाळा?"

"अहवालात शाळेचा रकाना नसतो."

"मॉल अडतो कशाने?"

"रस्त्यावर आधीच फार वाहनं असली तर परवानगी देत नाहीत. पण आपल्या गल्लीत कुत्रंसुद्धा इकडेतिकडे न बघता रस्ता ओलांडतं."

"फार म्हणजे किती रे?"

"मावशी, तू यात पडू नकोस."

"मी कशाला पडू? मी बसेन. गाडीत."

सकाळी भाचा चमकदार जाकीट घालून कोपऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. हातात मोजणीचं यंत्र होतं, वाहन गेलं की अंगठ्याने दाबायचं. ऑफिसचा नियम साधा होता: समोरून गेलं ते एक वाहन. कुणाचं, कितव्यांदा गेलं, हे विचारायचं नाही.

पहिलं वाहन पांढरं होतं. दुसरंही पांढरं होतं. तिसऱ्यातून मावशीने त्याला ओळख न दाखवता नमस्कार केला.

रोपवाटिकेला वळसा घालून गाडी पुन्हा पुन्हा येत राहिली. दंतवैद्य स्टिअरिंगला बुडत्याने ओंडका धरावा तसा धरून बसला होता. "बाई, जरा थांबू या का?" त्याने काकुळतीने विचारलं.

"थांबू नका डॉक्टर, मागे गर्दी आहे," मावशी म्हणाली. मागे एक चाफ्याची कुंडी होती.

दंतवैद्य थकला तेव्हा गाण्याच्या बाई आल्या, त्या थकल्या तेव्हा एक निवृत्त न्यायाधीश आले. गाडी थकली नाही. भाच्याला सगळं दिसत होतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय नियम नियम होता. तो प्रामाणिकपणे अंगठा दाबत राहिला. संध्याकाळपर्यंत स्टेशनचा चौक सोडला तर त्या गल्लीइतका गजबजलेला रस्ता शहरात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शून्यसाहेबांनी आकडा बघितला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"म्हणजे परवानगी नाकारा असं लिहायचं ना, साहेब?" भाच्याने आवाज शक्य तितका पडेल ठेवून विचारलं.

"घाई नको. एवढी वाहनं आहेत कुणाची?"

मावशी हा शब्द भाच्याने गिळला. "तिथे एक ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिच्या फेऱ्या."

"मॉल झाल्यावर ती चालेल?"

आता साहेबांना पाझर फुटणार असं भाच्याला वाटलं. त्याने जीव ओतला. "कशी चालेल, साहेब? नवशिक्यांना गाडी उभी करायलाही जागा राहणार नाही. बंदच पडेल बिचारी."

"मग या फेऱ्याही बंद पडतील."

"सगळ्या."

"आणि मॉलची वाहनं किती येणार?"

"याच्या निम्मी येतील."

"मग रहदारी वाढली की घटली?"

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं. "जन्मभर शून्य काढलं रे," ते हळव्या आवाजात म्हणाले. "आज पहिल्यांदा त्याच्या खाली गेलो."

"साहेब, ती एकच गाडी होती," भाच्याने शेवटी सांगून टाकलं. "दिवसभर तीच फिरत होती."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "ते लिहिता येणार नाही. आज एका गाडीवर संशय घेतला, तर उद्या लोक विमानतळावर घेतील."

घरी भाच्याने सगळं सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी फिरले नसते तर?"

"तर निदान परिणाम शून्य आला असता. आता रहदारी घटतेय म्हटल्यावर बिल्डर आणखी दोन मजले मागतोय."

"हात दाखवून अवलक्षण," मावशी म्हणाली. "आणि तुझं काय?"

"मला बढती."

"लाज नाही वाटत?"

"वाटते. पण ती पुढच्या महिन्यापासून लागू आहे."

दंतवैद्याची भीती तेवढी मोजणीच्या दिवशी कायमची गेली. त्याने मोठी गाडी घेतली आणि ती तो गल्लीतच लावू लागला.

हरकती मागवल्याची पाटी रोपवाटिकेच्या फाटकावर लागली, तेव्हा मावशीने भाच्याला समोर बसवलं. "तुझ्या साहेबांच्या भाषेत लिही," ती म्हणाली आणि सांगू लागली:

"महोदय, अहवालानुसार मॉलमुळे आमच्या गल्लीतली रहदारी निम्म्यावर येणार आहे. याबद्दल आभार. तरी जी निम्मी वाहनं येणार नाहीत, ती गल्लीच्या कोणत्या बाजूने येणार नाहीत हे कळवावं, म्हणजे माझे विद्यार्थी त्या बाजूने गाडी चालवतील. ते शक्य नसल्यास मॉलच्या गिऱ्हाइकांनी रोज सकाळी दोन तास वरून यावं, असा आदेश आपल्या स्तरावरून काढण्यात यावा, ही नम्र विनंती."